आईच्या अहवालातला ११.२ हा आकडा

तीर्थरूप आई-बाबांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबांनी पाठवलेला आईच्या रक्ततपासणीचा अहवाल मी काल रात्री पुन्हा एकदा नीट वाचला. परवा फोनवर बोलताना बाबा समाधानाने म्हणाले होते, "बाकी सगळे ठीक आहे आणि कॅल्शियम तर चांगले भरपूर आहे, म्हणजे हाडांची काळजी मिटली." त्या वेळी मी काही बोलले नाही, कारण फोनवर घाईने अर्धवट सांगितले असते तर तुम्ही दोघे उगाच घाबरला असता, किंवा मी फार काळजी करते असे म्हणून विषय तिथेच संपला असता. म्हणून हे पत्र लिहीत आहे. सावकाश वाचा, आणि आई, चष्मा लावून तू स्वतः वाच. बाबांनी वाचून दाखवलेले पुरणार नाही.

बाबा, तुमचा समज अगदी स्वाभाविक आहे आणि तो अनेकांचा असतो. परंतु रक्तातले कॅल्शियम आणि हाडांतले कॅल्शियम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. माणसाच्या शरीरात साधारण १ किलो कॅल्शियम असते आणि त्यातले जवळजवळ ९९ टक्के हाडांत व दातांत साठवलेले असते. रक्तात आणि पेशींभोवतालच्या द्रवात मिळून जेमतेम १ ग्रॅमच्या आसपास असते. पण हृदयाचे ठोके, स्नायूंचे आकुंचन आणि मज्जातंतूंचे संदेश या एवढ्याशा भागावर अवलंबून असतात, म्हणून शरीर त्याचे प्रमाण अतिशय काटेकोरपणे सांभाळते. प्रौढ माणसाच्या रक्तात ते दर डेसिलिटरला सुमारे ८.५ ते १०.५ मिलिग्रॅम असते. आईचे ११.२ आहे. हे प्रमाण वाढते तेव्हा पुष्कळदा ते हाडांतूनच बाहेर काढले जात असते. म्हणजे ज्या आकड्याकडे पाहून आपण हाडे मजबूत आहेत असे समजलो, तो आकडा हाडे रिकामी होत असल्याची खूण असू शकतो.

हे कसे घडते ते समजले की पुढचे सगळे सोपे होते. मानेत थायरॉइड ग्रंथीच्या मागच्या बाजूला तांदळाच्या दाण्याएवढ्या, बहुधा चार, छोट्या ग्रंथी असतात. त्यांना परावटू किंवा पॅराथायरॉइड ग्रंथी म्हणतात. नाव सारखे असले तरी थायरॉइडच्या कामाशी त्यांचा संबंध नाही. त्यांचे मुख्य काम रक्तातल्या कॅल्शियमवर लक्ष ठेवणे हेच आहे. ते थोडे जरी कमी झाले तरी या ग्रंथी पीटीएच नावाचे संप्रेरक सोडतात. ते संप्रेरक हाडांतून कॅल्शियम मोकळे करवते, मूत्रपिंडांना कॅल्शियम लघवीवाटे वाया न घालवता परत घ्यायला लावते आणि मूत्रपिंडांकडूनच ड जीवनसत्त्वाचे क्रियाशील रूप तयार करवून घेते, ज्यामुळे आतडी अन्नातून अधिक कॅल्शियम शोषतात. कॅल्शियम पुरेसे झाले की निरोगी ग्रंथी गप्प बसतात. बिघाड होतो तो इथे: चारांपैकी एखादी ग्रंथी मोठी होते, तिच्यात बहुधा कर्करोगाची नसलेली अशी छोटी गाठ तयार होते, आणि रक्तात कॅल्शियम भरपूर असूनही ती संप्रेरक सोडतच राहते. रोजच्या जगण्यात वावरणाऱ्या, रुग्णालयात दाखल नसलेल्या माणसांमध्ये कॅल्शियम वाढण्याचे हेच सर्वांत मोठे कारण आहे. पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये, त्यातही पाळी गेल्यानंतरच्या वयात, ते बरेच अधिक आढळते. आई ६४ वर्षांची आहे, म्हणून माझे लक्ष सर्वप्रथम इकडे गेले.

बाबा, तुम्हाला शोधांच्या कथा आवडतात, म्हणून एक लिहिते. या ग्रंथी प्रथम नजरेस आल्या त्या माणसात नव्हे, तर लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मेलेल्या एका भारतीय गेंड्याच्या शवविच्छेदनात. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास शरीररचनाशास्त्रज्ञ रिचर्ड ओवेन यांनी त्यांची नोंद केली. माणसातल्या ग्रंथींचे वर्णन १८८० मध्ये स्वीडनमधल्या ईव्हार सँडस्ट्रॉम या वैद्यकीय विद्यार्थ्याने केले. पण मला सांगायची आहे ती त्यानंतरची गोष्ट. व्हिएन्नामध्ये फेलिक्स मँडल या शल्यविशारदांकडे ट्रामवर काम करणारा एक माणूस आला. त्याची हाडे पोखरून गेली होती. हाडे कमजोर आहेत म्हणजे या ग्रंथी कमी पडत असाव्यात, असे त्या काळी मानले जात असे, म्हणून मँडल यांनी त्याला ग्रंथींचा अर्क दिला, इतकेच नव्हे तर दुसऱ्याच्या ग्रंथीचे रोपणही केले. गुण आला नाही. अखेर १९२५ मध्ये त्यांनी मान उघडून पाहिली, मोठी झालेली ग्रंथी सापडली, ती काढून टाकली आणि त्या माणसाची हाडे सुधारू लागली. हाडे दुखतात म्हणून भर घालत राहायची, ही चूक तेव्हाच्या निष्णात शल्यविशारदाकडूनही झाली. आपल्या घरातही तेच चालले आहे, आणि त्यात माझा वाटा आहे हे मला मान्य करायला हवे. दीड वर्षापूर्वी आईचे गुडघे आणि पाठ दुखते म्हणून कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्वाच्या गोळ्या मीच आणून दिल्या होत्या, कोणतीही तपासणी न करता. याचे मला मनापासून वाईट वाटते.

आई, आता तुझ्याबद्दल. गेल्या वर्षभरात तू जे जे सहज बोलून गेलीस ते मी आठवून पाहिले. रात्री तीन-चार वेळा लघवीला उठावे लागते, घशाला सारखी कोरड पडते, पोट साफ होत नाही, जेवणावर वासना नाही, दुपारनंतर हातापायांत त्राण उरत नाही. तू प्रत्येक वेळी म्हणालीस, "वय झाले आता." आणि मीही ते मान्य केले. पण या सगळ्या तक्रारींना एकच कारण असू शकते. कॅल्शियम वाढले की मूत्रपिंडांची लघवी घट्ट करण्याची क्षमता कमी होते, त्यामुळे शरीरातले पाणी वाजवीपेक्षा जास्त बाहेर जाते आणि तहान लागते. पाणी कमी पडले की मूत्रपिंडांना कॅल्शियम बाहेर टाकणे आणखी अवघड होते आणि ते अधिकच वाढते. रात्री उठावे लागू नये म्हणून तू संध्याकाळनंतर पाणी पिणे बंद केले आहेस, ते म्हणूनच मला सर्वांत जास्त खटकते. बद्धकोष्ठतेचेही तसेच: जादा कॅल्शियममुळे मज्जातंतू आणि स्नायू मंदावतात, आतड्यांची हालचालही मंदावते.

एक गोष्ट लिहिताना मला जड जाते आहे. तू हल्ली पटकन उदास होतेस, बोलता बोलता शब्द आठवत नाही म्हणून गप्प होतेस, आणि बाबा त्याला विसरभोळेपणा म्हणतात. रक्तात कॅल्शियम वाढल्याने मन खिन्न होणे, लक्ष न लागणे, विसरायला होणे हेही घडते. प्रमाण फार वाढले तर माणूस गोंधळतो, गुंगीत जातो. तुझे सगळे यामुळेच होते आहे असे मी ठामपणे म्हणत नाही, कारण या तक्रारींना दुसरी कारणेही असतात आणि थोड्याशा वाढीत पुष्कळांना काहीच जाणवत नाही. पण तपासून न पाहता सगळे वयाच्या खात्यावर टाकणे मला आता पटत नाही. तुझा चार वर्षांपूर्वीचा मुतखडासुद्धा मला या निमित्ताने आठवला; लघवीतून जादा कॅल्शियम जात राहिले तर खडे होतात. हे डॉक्टरांना सांगायला विसरू नकोस.

इंटरनेटवर शोधले तर कर्करोग हा शब्द तुमच्यासमोर येईलच, म्हणून तो मीच लिहिते. काही कर्करोगांमध्ये कॅल्शियम वाढते हे खरे आहे: कधी गाठ पीटीएचसारखाच एक पदार्थ तयार करते, कधी आजार हाडांत पसरलेला असतो, कधी मायलोमा हा अस्थिमज्जेतला कर्करोग असतो. रुग्णालयात दाखल असलेल्यांमध्ये हे कारण बरेच आढळते. मात्र तिथे कॅल्शियम सहसा आठवड्यांत झपाट्याने वाढते आणि मूळ आजार बहुधा आधीच लक्षात आलेला असतो. मी आईचे जुने अहवाल काढून पाहिले. दोन वर्षांपूर्वी, म्हणजे मी गोळ्या आणून देण्याच्याही आधी, हाच आकडा १०.८ होता आणि तेव्हा तो आपल्यापैकी कोणाच्याच नजरेस आला नाही. इतकी हळू, इतकी थोडी आणि दीर्घकाळची वाढ परावटू ग्रंथीकडे अधिक बोट दाखवते. यामुळे मला धीर आला आहे, तुम्हालाही यावा. तरी शिक्कामोर्तब तपासणीनेच होईल.

याशिवाय आईच्या गोळ्यांच्या डब्यातच तीन गोष्टी अशा आहेत की ज्यांचा विचार व्हायला हवा. पहिली म्हणजे मी दिलेल्या गोळ्या. ड जीवनसत्त्व चरबीत साठून राहते, त्यामुळे त्याचा अतिरेक झाला तर गोळ्या थांबवल्यावरही परिणाम कित्येक आठवडे टिकतो. आठवड्यातून एकदा घ्यायची जादा ताकदीची गोळी चुकून रोज घेतल्याने माणसे गंभीर आजारी पडलेली आहेत, म्हणून आई, तू नेमकी कोणती गोळी किती वेळा घेतेस ते पाकिटावरून बघून लिहून ठेव. दुसरी म्हणजे छातीत जळजळते म्हणून तू चघळतेस त्या गोळ्या. त्यांतल्या काहींमध्ये कॅल्शियम कार्बोनेट असते, आणि ते आपण औषध म्हणून मोजतच नाही. तिसरी म्हणजे रक्तदाबाची गोळी. तिच्यात लघवी वाढवणारे थायाझाइड गटातले औषध आहे, जे मूत्रपिंडांतून कॅल्शियम बाहेर जाऊ देत नाही. ती गोळी मनाने बंद करायची नाही, हे मी दोनदा लिहिते: मनाने बंद करायची नाही. रक्तदाब अचानक वाढला तर त्याचे परिणाम वेगळेच होतील. बदलायची की नाही ते डॉक्टर ठरवतील. कॅल्शियमच्या गोळ्यांविषयी मात्र उद्याच फोन करून विचारा, तपासणीच्या दिवसापर्यंत थांबू नका.

क्षयरोग, सार्कॉइडोसिस, थायरॉइडचा अतिरेक, लिथियमचे औषध, दीर्घकाळ अंथरुणाला खिळून राहणे आणि काही घराण्यांत जन्मतः असणारी निरुपद्रवी वाढ ही इतर कारणे आहेत. डॉक्टर त्यांचा विचार करतील. आपण त्यात शिरायला नको.

आता काय करायचे ते सांगते. रक्तातले जवळजवळ निम्मे कॅल्शियम अल्ब्युमिन या रक्तातल्या प्रथिनाला आणि इतर घटकांना बांधलेले असते, म्हणून अल्ब्युमिन कमी-जास्त असेल तर एकूण आकडा फसवतो. रक्त काढताना दंडाला पट्टा फार वेळ आवळून ठेवला तरी आकडा थोडा वाढलेला दिसू शकतो. त्यामुळे कॅल्शियम आणि अल्ब्युमिन पुन्हा तपासायचे, आणि त्याच रक्तात पीटीएच, ड जीवनसत्त्व, फॉस्फरस आणि मूत्रपिंडांचे काम कसे चालले आहे ते दाखवणारे क्रिएटिनिन पाहायचे. यांत पीटीएच सर्वांत महत्त्वाचे. ते वाढलेले आले तर दोष बहुधा ग्रंथीत असतो, आणि ते सामान्य मर्यादेत दिसले तरी सुटकेचा निःश्वास टाकू नका. कॅल्शियम इतके असताना ते खाली जायला हवे होते, गेले नाही म्हणजे ग्रंथीच ऐकत नाही. ते अगदी कमी आले तर कारण अन्यत्र शोधावे लागते. पुढे २४ तासांची लघवी, मूत्रपिंडांची सोनोग्राफी आणि हाडांच्या घनतेची तपासणी सांगतील. घनता पाहताना मनगटाजवळच्या हाडाचीही पाहतात का ते विचारा, कारण या आजारात तिथली झीज अधिक दिसते.

ग्रंथीच कारणीभूत ठरली तर आई लगेच शस्त्रक्रियेच्या विचाराने घाबरेल, म्हणून तेही लिहिते. ती प्रत्येकाला लागत नाही. कॅल्शियम सामान्य मर्यादेच्या १ मिलिग्रॅमहून अधिक वर असणे, हाडे ठिसूळ झालेली असणे, मुतखडे होणे, मूत्रपिंडांचे काम मंदावणे किंवा वय ५० पेक्षा कमी असणे, अशा वेळी ती सुचवतात. नाहीतर ठरावीक काळाने तपासण्या करत लक्ष ठेवतात. करावी लागलीच, तरी बिघडलेली एक ग्रंथी काढून उरलेल्या तीन काम सांभाळतात. पीटीएच रक्तात काही मिनिटेच टिकते, म्हणून योग्य ग्रंथी निघाली की नाही हे शस्त्रक्रिया चालू असतानाच रक्त तपासून पाहता येते.

तोपर्यंत आईने दिवसभर पाणी पीत राहावे, संध्याकाळीही. रोज थोडे चालावे. आणि कॅल्शियम वाढले म्हणून दूध तोडू नये. डॉक्टरांनी तसे सांगितले तर गोष्ट वेगळी, एरवी ग्रंथीच्या आजारात आहारातले कॅल्शियम फार कमी केले तर ती ग्रंथी अधिकच चेकाळते आणि हाडांवर हात टाकते.

बाबा, हा परिच्छेद तुमच्यासाठी. आईला सतत उलट्या होऊ लागल्या, पाणी पोटात ठरेना, ती गोंधळून बोलू लागली, नेहमीपेक्षा जास्त झोपू लागली किंवा छातीत धडधड जाणवली, तर माझ्या फोनची वाट न पाहता तिला तातडीने रुग्णालयात न्या आणि कॅल्शियम वाढलेले आहे हे पहिल्याच वाक्यात सांगा. १४ च्या वर गेलेले कॅल्शियम धोक्याचे असते. तिथे शिरेतून सलाइन आणि कॅल्शियम उतरवणारी औषधे लगेच द्यावी लागतात.

मी रजा काढली आहे. बुधवारी रात्री पोहोचेन आणि गुरुवारी सकाळी आपण तिघे मिळून डॉक्टरांकडे जाऊ. आईचा गोळ्यांचा डबा आहे तसा पिशवीत भरून ठेवा, रिकामी पाकिटेसुद्धा फेकू नका, आणि दोन वर्षांपूर्वीचा तो अहवाल कपाटातल्या निळ्या फाइलमध्ये असेल, तो वर काढून ठेवा.

तुमची लेक