सिसिली टायसनला दोन ओळीत उरकू नका

मा. संपादक साहेब,
सप्रेम जयभीम.

मागच्या रविवारच्या पुरवणीत अमेरिकन टीव्हीवरच्या जुन्या नट्यांवर तुम्ही अख्खं पान दिलंय, ते मी दोनदा वाचलं. लेख चांगलाय, मेहनत घेतलेली दिसते, पण त्यात सिसिली टायसनच्या वाट्याला बरोब्बर दोन ओळी आल्यात. पहिल्या ओळीत ती जॅझवाले माइल्स डेव्हिस यांची बायको आणि दुसऱ्या ओळीत "गुणी होती पण काम फार थोडं केलं". हे वाचल्यापासून मला चैन नाही म्हणून लिहितेय, पत्र लांबलं तर कापा, पण मधलं पाण्याचं जे लिहिलंय ते तेवढं कापू नका.

लग्नाचं आधी सांगते म्हणजे तो विषय संपला. लग्न झालं १९८१ ला, आणि त्याच दशकाच्या शेवटाला ते मोडलं सुद्धा. बाईंचा जन्म १९२४ चा आणि त्या गेल्या २०२१ ला, वयाच्या ९६ व्या वर्षी. लग्न झालं तेव्हा ऑस्करचं नॉमिनेशन घेऊन ८ वर्षं झाली होती, टीव्हीच्या सर्वांत मोठ्या पुरस्काराच्या म्हणजे एमीच्या दोन बाहुल्या घरात होत्या, मग तिची ओळख नवऱ्यावरून का द्यायची.

आता मी कोण हे सांगते. मी ३१ वर्षं सरकारी ऑफिसात टायपिस्ट होते, मराठी ३० आणि इंग्रजी ४० ची परीक्षा देऊन लागले, कार्बन लावून चार चार कॉप्या काढायचो ते दिवस. नाटक सिनेमातलं मला शास्त्र कळत नाही. पण २०१७ च्या थंडीत मुलीकडे न्यू जर्सीला राहिले होते, बाहेर बर्फ, घरात दिवसभर मी एकटी, तेव्हा मुलगी रात्री 'हाऊ टू गेट अवे विथ मर्डर' ही सिरीयल लावायची त्यात मी तिला पहिल्यांदा बघितलं. वायोला डेव्हिस ही त्यातली मुख्य नटी, तिच्या आईचं काम, नाव ओफिलिया. एका सीनमध्ये मुलगी म्हणजे मोठी नामांकित वकीलबाई आईच्या पायाशी खाली बसते आणि ही मागे बसून कंगवा घेऊन तिच्या केसांचे भाग करते, विंचरते, आणि विंचरता विंचरता लहानपणी त्या मुलीवर घरातल्याच माणसाने जे केलं त्याचं पुढे काय झालं ते सांगून टाकते. आवाज चढत नाही, हात थांबत नाहीत. आपल्याकडे आया वेणी घालताना असंच सगळं बोलतात ना, तोंड दिसत नाही म्हणून बोलता येतं. तो भाग २०१५ चा, तेव्हा बाईंचं वय ९० होतं. मी मुलीला म्हटलं ही कोण गं, हिचं अजून काय आहे ते आण. तिथल्या पब्लिक लायब्ररीत डीव्हीडी फुकट मिळतात, तिने एक एक करत आणून दिल्या.

केसांवरून आठवलं ते इथेच सांगते. १९६३ मध्ये सीबीएस या अमेरिकन चॅनलवर 'ईस्ट साइड वेस्ट साइड' नावाची मालिका लागली, जॉर्ज सी. स्कॉट त्यात समाजसेवक होता आणि सिसिली त्याच्या ऑफिसातली सेक्रेटरी. काळ्या नटीला रात्रीच्या ड्रामा मालिकेत दर आठवड्याला दिसणारा रोल मिळणं ही तेव्हा जवळपास न घडलेली गोष्ट होती. आणि ती केस बारीक कापलेले, जसे उगवतात तसे कुरळेच ठेवून कॅमेऱ्यासमोर बसली. त्या काळात काळ्या बायका लोखंडी कंगवा तापवून केस सरळ करायच्या, कानाला चटके बसायचे, आणि तसं केल्याशिवाय ऑफिसात सुद्धा नीट बघायचे नाहीत, टीव्हीवर तर विचारूच नका. मालिका एकाच वर्षात बंद पडली पण तिचं डोकं बघून कितीतरी जणींनी तो कंगवा बाजूला ठेवला. म्हणून ५२ वर्षांनी ओफिलियाच्या हातात कंगवा बघितला की मला ती १९६३ ची सेक्रेटरी आठवते. आणि ती खऱ्या आयुष्यात पण टायपिंग करायची बरं का, रेड क्रॉसच्या ऑफिसात, तिथून उठून मॉडेलिंगला गेली आणि मग अभिनयाला. आई वडील कॅरेबियन मधल्या नेविस बेटावरून न्यूयॉर्कला आलेले, गरिबी, आई देवभक्त, सिनेमा म्हणजे पाप असं घरात वातावरण. पोरगी नटी होणार म्हटल्यावर आईने घराबाहेर काढलं आणि बराच काळ बोलणं टाकलं. टायपिंगची नोकरी सोडून जायला हिंमत किती लागते ते मला माहिती आहे कारण माझ्यात ती नव्हती.

आता "काम थोडं केलं" या वाक्याकडे येते, कारण माझं खरं भांडण त्याच्याशी आहे.

१९७२ ला 'साउंडर' आला. १९३३ सालचं लुइझियाना, दुसऱ्याच्या शेतात वाट्याने राबणारं काळं कुटुंब, भुकेपोटी नवरा मांस चोरतो आणि त्याला मजुरीच्या तुरुंगात धाडतात, मागे बायको रिबेका पोरांना घेऊन शेत ओढते. तिला आधी मास्तरीणबाईचा छोटा रोल देत होते, ही अडून बसली की मी रिबेकाच करणार. शेवटाकडे नवरा लंगडत लंगडत दूरच्या रस्त्यावर दिसतो, कुत्रं भुंकतं, आणि ही आधी नुसती बघते, विश्वास बसत नाही, आणि मग पळत सुटते. ते पळणं सुंदर नाही हो. हात कुठेही, पाय कुठेही, शेतात राबलेली बाई जशी पळेल तशी. मी ते मागे नेऊन नेऊन तीनदा बघितलं. त्या वर्षी ऑस्करच्या मुख्य नटीच्या यादीत डायना रॉस आणि सिसिली अशा दोन काळ्या बायका होत्या, एका वर्षी दोघी असं त्याआधी कधी झालं नव्हतं. मिळालं लायझा मिनेलीला, ते असो.

याच सिनेमाच्या प्रचाराला फिरताना एका गोऱ्या पत्रकाराने तिला सांगितलं की सिनेमातला मुलगा बापाला "डॅडी" म्हणतो ते ऐकून मला कसंतरीच झालं, माझा मुलगा पण मला तेच म्हणतो. म्हणजे काळ्या बापाला पण मुलगा बापच म्हणतो हे त्या माणसाला नवीन होतं. ही गोष्ट तिने पुढे अनेक मुलाखतीत सांगितली आणि हेही सांगितलं की तेव्हाच ठरवलं, आता नुसती पोटासाठी नटी होऊन चालणार नाही. हॉलिवूड तेव्हा काळ्या बायकांना काय देत होतं, तर वेश्या, व्यसनी, नाहीतर मालकिणीच्या मागे कपडे उचलणारी. ती म्हणाली, नाही. नॉमिनेशन खिशात असताना नाही म्हणाली आणि त्या पायी महिनोन्महिने घरी बसली. संपादक साहेब, तिच्या यादीत ज्या रिकाम्या जागा दिसतात त्या काम न मिळाल्याच्या नाहीत सगळ्या, त्यातल्या कितीतरी नाकारलेल्या कामाच्या आहेत. तुमच्या लेखकाने त्या रिकाम्या जागा मोजल्या आणि बाई कमी पडली असा हिशोब लावला. मोलकरणीचे, स्वयंपाकिणीचे रोल तिने केले नाहीत असं नाही, 'फ्राइड ग्रीन टोमॅटोज' मध्ये केलाय, 'द हेल्प' मध्ये केलाय, पण त्या बाया कुणाच्या तरी घरातलं सामान म्हणून उभ्या नाहीत, त्यांना मान आहे, राग आहे, आठवणी आहेत.

आता पाण्याचं.

१९७४ च्या जानेवारीत सीबीएसवर 'द ऑटोबायोग्राफी ऑफ मिस जेन पिटमन' हा टीव्ही सिनेमा दाखवला. गुलामीत जन्मलेली बाई ११० वर्षं जगते आणि १९६२ साली पत्रकाराला आयुष्य सांगते अशी कथा. तरुणपणापासून ११० पर्यंत सगळं सिसिलीनेच केलंय, तेव्हा ती ४९ ची होती. रिक बेकर आणि स्टॅन विन्स्टन या मेकअपवाल्यांना त्यासाठी एमी मिळाली, पण नुसता मेकअप नाही तो, ती म्हाताऱ्या बायकांजवळ जाऊन बसली, त्यांचे हात कसे थरथरतात, मान कशी वळते ते बघून आली. शेवटी ही म्हातारी कोर्टासमोर येते. तिथे पाणी प्यायचा नळ आहे आणि तो फक्त गोऱ्यांसाठी. पोलिस उभे आहेत. म्हातारी काठी टेकत निघते, एकटी, आणि कॅमेरा घाई करत नाही, एकेक पाऊल दाखवतो, ते अंतर संपतच नाही. ती नळापाशी पोचते, वाकते, पाणी पिते. आणि परत फिरते. एवढंच. भाषण नाही, आरडाओरडा नाही.

माझं आजोळ महाडजवळच्या एका गावात. आईला शाळेत पाणी मागायला लागायचं, दुसरी पोरं वरून ओंजळीत ओतायची, ती पण मनात आलं तर, मडक्याला हात लावायचा नाही. दर २० मार्चला आई आम्हाला चवदार तळ्यावर न्यायची आणि सांगायची की १९२७ ला बाबासाहेबांनी इथे खाली उतरून ओंजळीत पाणी घेतलं, आणि नंतर लोकांनी ते तळं शुद्ध करायला त्यात शेणमुताचे घडे ओतले. आम्ही दर वर्षी ऐकायचो, पाठ झालेलं. पण न्यू जर्सीच्या त्या सोफ्यावर म्हातारी वाकून पाणी प्यायली तेव्हा मला पहिल्यांदा आईची ती शाळेतली ओंजळ डोळ्यासमोर दिसली, लहान मुलीची, पाणी सांडू नये म्हणून घट्ट धरलेली. परत आल्यावर तो तुकडा मी आईला मोबाईलवर दाखवला. ती तेव्हा ८२ ची, इंग्रजी एक अक्षर येत नाही. तिने काही विचारलं नाही. बघून झालं, तोंडावर पदर धरून बसली थोडा वेळ, मग म्हणाली, परत लाव.

अभिनय म्हणजे काय याचं उत्तर मला कुणी विचारलं तर मी हेच सांगेन, कारण ज्या बाईला त्या भाषेतलं काहीच कळत नव्हतं तिला ते सगळं पोचलं.

त्या रोलला दोन एमी मिळाल्या, एक नेहमीची आणि एक त्या वर्षीची सर्वोत्तम अभिनेत्री म्हणून खास. पुढचं भराभर सांगते कारण ते कुठेही सापडतं: १९७७ च्या 'रूट्स' या गुलामीवरच्या मालिकेत नायक कुंटा किंटेची आई, १९७८ ला मार्टिन ल्यूथर किंगवरच्या मालिकेत त्यांची बायको कोरेटा किंग आणि त्याच वर्षी गुलामांना पळवून सोडवणारी हॅरिएट टबमन, १९८१ ला शिकागोच्या शिक्षिका मार्वा कॉलिन्स, १९९४ ला तिसरी एमी. म्हणजे बघा, ज्या बायकांची नावं पुस्तकात छापायला पाहिजेत त्या एकेकीला ती घरोघरी टीव्हीवर घेऊन गेली. २०१३ ला वयाच्या ८८ व्या वर्षी ब्रॉडवेवर 'द ट्रिप टू बाउंटिफुल' या नाटकासाठी टोनी हा नाटकाचा मोठा पुरस्कार, त्यात ती चर्चमधलं भजन म्हणायला लागली की प्रेक्षक खुर्चीत बसून बरोबर गायचे. २०१६ ला ओबामांच्या हातून प्रेसिडेन्शियल मेडल ऑफ फ्रीडम, हा तिथला सर्वोच्च नागरी सन्मान. २०१८ ला मानद ऑस्कर, तो मिळालेली ती पहिली काळी महिला. आणि २०२१ च्या २६ जानेवारीला तिचं आत्मचरित्र बाजारात आलं आणि २८ ला ती गेली. सगळं सांगून झाल्यावर गेली असंच मला वाटतं.

तर माझी मागणी साधी आहे. तुमच्या लेखकाला काही बोलू नका, चूक जागेअभावी पण होते. पण १९ डिसेंबरला तिचा वाढदिवस येतो, त्या आठवड्याच्या पुरवणीत तिच्या एकटीवर अर्धं पान द्या, आणि तिने काय काय केलं त्याच्या बरोबर काय काय करायला नकार दिला तेही छापा. फोटो देताना पुरस्कार सोहळ्यातला, हॅट घातलेला देऊ नका, तो सगळेच देतात. नळापाशी वाकलेल्या म्हातारीचा द्या. आई आता नाही, पण तो कापून मी तिच्या फोटोशेजारी लावणार आहे.

आपली जुनी वाचक,
एक निवृत्त टायपिस्ट, कळवा