उपचार अर्ध्यावर थांबवूनही उत्तर पाठवणाऱ्यांना

सप्रेम नमस्कार.

उपचार पूर्ण करणाऱ्यांचा निरोप शेवटच्या सत्रात रीतसर घेता येतो. तुमच्या बाबतीत ते शेवटचे सत्र झालेच नाही, म्हणून हे पत्र. मानसिक आघातावरचे उपचार तुम्ही मध्येच थांबवलेत आणि तरीही काही महिन्यांनी आलेली, आघातानंतरची लक्षणे मोजणारी पीसीएल-५ प्रश्नावली भरून पाठवलीत. प्रश्न वीसच, वेळ पाच-दहा मिनिटांचा. पण ज्या घटनेची आठवणही नकोशी वाटते, तीच डोळ्यांपुढे ठेवून प्रत्येक प्रश्नाला ० ते ४ गुण द्यायचे असतात; गुण जितके जास्त, तितका त्रास जास्त. हे सोपे नाही, आणि तुम्ही ते कुणाचाही आग्रह नसताना केलेत.

त्याने काय फरक पडतो, ते हिशेबानेच सांगतो. समजा, ४० जणांनी उपचार सुरू केले, २६ जणांनी पूर्ण केले आणि त्यांतल्या १८ जणांना निश्चित फरक पडला. फक्त पूर्ण करणारे मोजले तर यश ६९ टक्के. सोडून गेलेल्या १४ जणांना काहीच फायदा झाला नाही असे धरले, तर तेच यश ४५ टक्क्यांवर येते. आता या १४ जणांनी उत्तरे पाठवली आणि त्यांतल्या सहा जणांना बरे वाटत असल्याचे दिसले, तर खरा आकडा ६० टक्के. पहिले दोन्ही आकडे अंदाजाचे होते. तिसरा तुमच्यासारख्यांच्या उत्तरांमुळेच मिळतो. आघातावरच्या उपचारांच्या चाचण्यांत सरासरी १६ ते १८ टक्के लोक मध्येच थांबतात, म्हणजे हा प्रश्न मूठभरांचा नाही. शेवटचे मिळालेले गुण पुढे तसेच धरून चालण्याची जुनी पद्धत इथे फसते, कारण सत्रे थांबली म्हणून माणसाची अवस्था जिथल्या तिथे थांबत नाही. कुणी बरे वाटू लागले म्हणून थांबतो, कुणी सहन होईना म्हणून.

गुणांतला प्रत्येक फरक म्हणजे सुधारणा नव्हे, हेही सांगायला हवे. एकूण ८० पैकी ५२ वरून ४६ वर येणे हा नुसता मोजमापातला चढउतार असू शकतो. पूर्वी १० गुणांची घट पुरेशी मानत. नंतरच्या अभ्यासांनी ही मर्यादा १५ च्या आसपास नेली. शिवाय माणसे बहुधा त्रास टोकाला गेल्यावर मदत मागतात, त्यामुळे उपचारांविनाही गुण काहीसे उतरतातच. ही आपोआप होणारी घट किती, हे तुमच्या गुणांवरून ठरवता येत नाही, कारण थांबणारे आणि टिकणारे मुळात सारखे नसतात. कोण बरे वाटून थांबले आणि कोण त्रासात असताना, याचा अंदाज मात्र त्यांतून येतो.

सगळ्यात मोलाची ठरली ती गुणांशेजारी तुम्ही दिलेली रोजच्या जगण्याची माहिती. घराबाहेर पडणेच बंद केले तर आठवण करून देणारे काही समोर येत नाही, दचकणे कमी होते, एकूण गुण उतरतात. कागदावर सुधारणा दिसते आणि जगणे मात्र आक्रसत जाते. पीसीएल-५ मधले सहावा आणि सातवा प्रश्न आघाताच्या आठवणी आणि त्या जागवणाऱ्या गोष्टी टाळण्याविषयीचे आहेत. बाकीचे गुण घटले आणि हे दोन वर राहिले, तर एकूण बेरजेवर विश्वास ठेवू नये. म्हणूनच गेल्या ३० दिवसांतली कामे, ये-जा आणि माणसांशी वागणे यांबद्दल विचारणारी डब्ल्यूएचओडीएएस २.० या जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रश्नावलीची १२ प्रश्नांची आवृत्ती सोबत लागते. दुसऱ्यांदा भरतानाही पहिल्याच घटनेचा संदर्भ धरणे आणि मध्ये नवा आघात झाला असल्यास तसे लिहिणे, हेही तितकेच महत्त्वाचे. नाहीतर दोन वेगळ्या दुःखांची वजाबाकी होते.

थांबण्याचे कारण तुम्ही स्वतःच्या शब्दांत लिहिलेत, यासाठी वेगळे आभार. ‘वैयक्तिक कारण’ या चौकटीवरची खूण काहीच सांगत नाही. उदाहरणार्थ, गृहपाठ म्हणून सत्राचे ध्वनिमुद्रण रोज ऐकायचे, पण घरात एकांताची जागा नाही. सुरुवातीला काहींचा त्रास थोडा काळ वाढतो हे आधी कुणी सांगितलेच नाही. ही कारणे कळली तर दुरुस्त करता येतात. स्वतःच्या थेरपिस्टच्या हाती कागद द्यायचा असला की माणूस भिडेपोटी गुण थोडे कमी लिहितो. म्हणून ही उत्तरे उपचार न करणाऱ्या व्यक्तीकडेच जावीत.

तुमच्यापैकी काहींनी एक गोष्ट लक्षात आणून दिलीत, तिचे ऋण मोठे आहे: संदेश कोण वाचेल याचा भरवसा नसतो. त्रास देणारी व्यक्ती त्याच घरात असू शकते. तेव्हा कोणत्या क्रमांकावर, कोणत्या वेळी संपर्क करायचा हे पहिल्याच भेटीत विचारावे आणि संदेशात आघात, उपचार यांचा उल्लेखही नसावा.

पुढची प्रश्नावली आली तर ती भरायलाच हवी असे नाही. कोरी ठेवलीत तरी उपचारांकडे परतण्याचा तुमचा हक्क तसाच राहतो.

मनापासून आभार.

आपले,
आघातोपचारांच्या परिणामांचे मोजमाप करणारे आम्ही सर्व