एका पेराचा हिशेब

चाकण,
१९ जून २०२५

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

आज गुरुवार, म्हणजे आमच्या भागातील कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी. त्यातच आज माउलींच्या पालखीचे आळंदीहून प्रस्थान असल्यामुळे इकडचे रस्ते भरून गेले आहेत आणि बाहेर पडण्याचा प्रश्नच नाही. एरवी मी फोनवरच बोललो असतो. पण हे सगळे फोनवर सांगायला घेतले, तर आई रडू लागेल, बाबा 'बरं, बरं' म्हणून फोन ठेवतील आणि कागदपत्रांचे बोलणे राहूनच जाईल. म्हणून पत्र लिहीत आहे.

मुख्य गोष्ट आधी सांगून टाकतो. ११ फेब्रुवारीला कारखान्यात मला अपघात झाला आणि डाव्या हाताच्या मधल्या बोटाचे वरचे पेर गेले. जखम आता पूर्ण भरली आहे, ५ एप्रिलपासून मी कामावर आहे आणि उजव्या हाताला काहीही झालेले नाही. पाडव्याला 'सुट्टी मिळत नाही' असे जे सांगितले, ते खोटे होते. त्या दिवसांत व्हिडिओ कॉलवर मी डावा हात उशीखाली ठेवून बोलत असे. सविताला मीच शपथ घातली होती, तेव्हा तिच्यावर रागावू नका.

दोन्ही हातांनी दोन बटणे दाबल्याशिवाय पत्रा दाबणारी प्रेस खाली येऊ नये, अशी त्या यंत्राची रचना असते. उत्पादन वाढावे म्हणून त्यातले एक बटण चिकटपट्टीने कायमचे दाबून ठेवलेले होते. हे पाळीतल्या सगळ्यांना ठाऊक होते, मलाही होते. त्यामुळे डावा हात मोकळा राहिला आणि तो वाकडा बसलेला पत्रा सरळ करायला गेला. प्रेसचा आवाजसुद्धा नेहमीसारखाच आला. हातमोजा काढेपर्यंत मला वाटत होते की बोट नुसते चेंगरले आहे.

त्यानंतर जे घडले ते बाबांनी नीट वाचावे. मला गाडीत बसवतानाच आमच्या साहेबांनी सुचवले की, 'घरी दारात बोट सापडले' असे सांग. खासगी दवाखान्याचे बिल कंपनी भरेल, पगारही देऊ, उगाच अपघाताचा अहवाल गेला तर चौकशा लागतात. मी त्या क्षणी होकारच दिला असता, कारण डोके चालत नव्हते आणि पगाराचे नाव निघाले होते. पण आमच्याकडचे एक जुने ऑपरेटर गाडीत माझ्या शेजारी बसले आणि त्यांनी साहेबांसमोरच सांगितले की, अहवाल भरल्याशिवाय हा पोरगा कुठेही सही करणार नाही. त्यांच्या त्या एका वाक्याची किंमत मला पुढे आकड्यांत कळली, आणि तो हिशेब तुम्हालाही कळावा असे मला वाटते.

ईएसआयमध्ये, म्हणजे पगारातून कपात होते त्या कामगार विमा योजनेत, आजारपण आणि कामावर झालेली इजा यांचे खाते वेगवेगळे आहे. आजारी पडलो, तर सरासरी मजुरीच्या ७० टक्के रक्कम मिळते, तीही वर्षात जास्तीत जास्त ९१ दिवस. पहिले दोन दिवस सहसा धरले जात नाहीत आणि आधीच्या सहामाहीत किमान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असावी लागते. कामावर इजा झाली, तर मात्र ९० टक्के मिळतात, डॉक्टर कामावर जाण्यायोग्य ठरवीपर्यंत मिळत राहतात आणि किती दिवस वर्गणी भरली हे कोणी विचारत नाही; काल कामाला लागलेल्या मुलालासुद्धा हा हक्क आहे. माझी रोजची सरासरी मजुरी ६२० रुपये धरली गेली. तिचे ९० टक्के म्हणजे ५५८ रुपये, आणि मी ५२ दिवस घरी होतो, म्हणजे २९,०१६ रुपये. फर्स्ट सर्टिफिकेटपासून फायनलपर्यंत प्रत्येक दाखला वेळेवर दिला की रक्कम सरळ बँकेत येत होती. फेब्रुवारी आणि मार्चचे तुमचे चार-चार हजार याच पैशांतून आले, म्हणून तुम्हाला शंका आली नाही.

ऑपरेशन, ड्रेसिंग आणि औषधे यांसाठी माझ्या खिशातून एक रुपयाही गेला नाही. रांगेत मात्र भरपूर उभा राहिलो. ड्रेसिंगच्या दिवशी सकाळी आठला गेलो तर घरी यायला दोन वाजत, आणि एकदा नुसता शिक्का राहिला म्हणून मला दुसऱ्या दिवशी परत बोलावले होते. तुम्ही ईएसआयच्या दवाखान्याला जी नावे ठेवता, ती सगळीच खोटी नाहीत.

गेल्या महिन्यात मला मेडिकल बोर्डापुढे बोलावले होते. कायद्याला एक परिशिष्ट जोडलेले आहे आणि त्यात शरीराच्या कोणत्या भागामागे कमाईची किती ताकद गेली, याचा तक्ता आहे. मधले बोट पूर्ण गेले तर १२ टक्के, दोन पेरे गेली तर ९, एक गेले तर ७. तेच तर्जनीचे एक पेर असते तर ९ आणि करंगळीचे असते तर ५. बाजारातल्या दरफलकासारखा तो तक्ता वाचताना आधी मला हसू आले आणि नंतर बराच वेळ काही बोलवेना. माझे ७ टक्के ठरले. म्हणजे ५५८ रुपयांच्या ७ टक्के, दिवसाला ३९ रुपये ६ पैसे, महिन्याला साधारण १,१७० रुपये, आणि ते आयुष्यभर. मी नोकरीवर असलो काय, दुसरीकडे गेलो काय किंवा घरी बसलो काय, ही रक्कम थांबत नाही. 'दारात बोट सापडले' असे लिहून दिले असते, तर हे काहीच मिळाले नसते, आणि खासगी दवाखान्याचे बिल भरल्यावर कंपनीने माझ्याकडे पुन्हा पाहिलेही नसते.

यावरून प्रकाशलाही एक सांगा. तो इचलकरंजीला रोज मोटारसायकलने जातो. घरून कामावर जाताना किंवा परत येताना झालेला अपघातसुद्धा, तो प्रवास कामासाठीचाच होता हे दाखवता आले तर, २०१० पासून कामावरचाच अपघात धरला जातो. त्याच्या पगाराच्या चिठ्ठीवर ईएसआयची कपात दिसते का आणि त्याला दहा आकडी विमा क्रमांक मिळाला आहे का, एवढे त्याने याच आठवड्यात बघावे.

आता तुमच्याविषयी.

दिवाळीत आलो होतो, तेव्हा आई माजघरात बसून अडकित्त्याने साखरेची गोळी अर्धी करताना मी पाहिली. विचारल्यावर तू म्हणालीस की, सकाळी अर्धी आणि रात्री अर्धी घेतली की पोटाला सोसते. आई, डॉक्टरांच्या चिठ्ठीवर पूर्ण गोळी दोन वेळा लिहिलेली आहे. ती चिठ्ठी मी देवळीतून काढून वाचली होती. तेव्हा बोललो नाही, कारण मला वाटले की अजून पाचशे रुपये जास्त पाठवले की झाले. पण ते पैसे तू त्या गोळ्यांना लावणार नाहीस, ईश्वरीच्या वाढदिवसाला लावशील, हे मला ठाऊक आहे.

बाबा, तुम्ही १९८४ पासून २०१२ पर्यंत शिरोलीच्या फाउंड्रीत होतात आणि सेवानिवृत्त होईपर्यंत तुमच्या पगारातून ईएसआयची कपात होत होती. आता कामगाराकडून पाऊण टक्का घेतात. तो दर जुलै २०१९ मध्ये खाली आला. तुमच्या शेवटच्या काळात तुमचे पावणेदोन टक्के जात होते आणि मालकाचे पावणेपाच. एवढे भरूनही ताप आला की तुम्ही गल्लीतल्या डॉक्टरकडेच जात होतात, कारण 'ईएसआयमध्ये नुसत्या पांढऱ्या गोळ्या देतात'. असो. पण जो कामगार किमान पाच वर्षे विमाधारक राहून वयोमानाने निवृत्त झाला, त्याला आणि त्याच्या पत्नीला वर्षाला १२० रुपये आगाऊ भरून ईएसआयचे उपचार आणि औषधे घेता येतात, हे तुम्हाला कारखान्यातून बाहेर पडताना कोणी सांगितले नाही. महिन्याला दहा रुपये, दोघांचे मिळून. आईच्या साखरेच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्या त्यातच आल्या.

दुसरा मार्ग म्हणजे तुम्हा दोघांची नावे माझ्या कार्डावर लावणे. आई-वडिलांचे सर्व मिळून उत्पन्न महिन्याला ९,००० रुपयांच्या आत असेल, तर ते अवलंबून आहेत असे धरतात, त्यासाठी जास्तीची वर्गणी पडत नाही आणि कुटुंब दुसऱ्या गावी राहत असेल तर त्यांच्यासाठी तिकडचा दवाखाना निवडता येतो. तुमचे पेन्शन आणि उसाचे पैसे धरूनही आपण त्या मर्यादेत बसतो. तरीही मला पहिलाच मार्ग बरा वाटतो. माझा पगार १८,६०० आहे आणि विम्याची मर्यादा २१,०००. ती २०१७ च्या जानेवारीपासून जागची हललेली नाही, महागाई मात्र हलली आहे. उद्या दोन-तीन पगारवाढी झाल्या, तर चालू सहामाही संपताच मी योजनेबाहेर जाईन आणि माझ्याबरोबर तुम्हीही. तुमच्या स्वतःच्या नावावरचा हक्क माझ्या पगारावर लटकलेला नसेल.

मोठ्या आजाराची सोय वेगळी आहे आणि तीही करून ठेवायची आहे. बाबांना ७० वर्षे पूर्ण झाली आहेत, त्यामुळे आयुष्मान वय वंदना कार्ड निघते. २९ ऑक्टोबर २०२४ पासून हे कार्ड उत्पन्न न बघता देतात, त्यावर वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार होतात आणि ईएसआय असले तरी ते नाकारत नाहीत. वय आधारवरचेच धरतात. तुमची तिथली जन्मतारीख अर्ध्या गावाप्रमाणे १ जानेवारीच आहे, पण वर्ष बरोबर आहे, तेव्हा अडचण नाही. आई अजून ६६ ची आहे, म्हणून तिच्यासाठी केशरी शिधापत्रिकेवर महात्मा फुले जन आरोग्य योजना. तिची मर्यादाही आता दीड लाखावरून ५ लाख झाली आहे. मात्र या दोन्ही योजना रुग्णालयात दाखल झाल्यावरच्या आहेत, रोजच्या गोळ्या त्यांतून मिळत नाहीत. त्यासाठी १२० रुपयांचे कार्डच हवे. दाखल व्हायची वेळ आलीच, तर बिलाच्या खिडकीकडे न जाता आधी आरोग्यमित्राचे, म्हणजे या योजनांच्या मदतनीसाचे, टेबल शोधायचे आणि आगाऊ रक्कम भरण्याआधी त्यांना शिधापत्रिका व आधार दाखवायचे.

बाबा, आणखी एक. तुमचा खोकला गेली दोन वर्षे जात नाही आणि तुम्ही तो बिडीच्या नावावर घालता. डॉक्टरकडे जाल तेव्हा 'मी २८ वर्षे फाउंड्रीत मोल्डिंगला, वाळूत होतो' हे त्यांनी विचारले नाही तरी सांगा. वाळूच्या धुळीने फुप्फुसाला होणारा सिलिकोसिस हा कायद्याने व्यवसायजन्य आजार मानलेला आहे. छातीचा फोटो काढताना डॉक्टरांना ती माहिती असली, तर ते वेगळ्या नजरेने पाहतील.

सरकारचे फुकटचे घेणार नाही, असे तुम्ही म्हणाल. बाकीच्या दोन योजनांबद्दल तुम्ही तसे म्हणालात तर मी वाद घालणार नाही, नुसते कार्ड काढून ठेवीन. पण ईएसआय फुकटची नाही. तुमच्या २८ वर्षांच्या पगाराच्या चिठ्ठ्या आईने ट्रंकेत रबर लावून ठेवल्या आहेत. त्यातली कोणतीही एक काढून कपातीचा रकाना पाहा.

मी गुरुवारी, ३ जुलैला, पहाटे पोहोचतो. दहाच्या सुमारास आपण तिघे कोल्हापूरला ईएसआयच्या शाखा कार्यालयात जाऊ आणि तिथले काम झाले की वय वंदना कार्डाचे पाहू. तोवर बाबांचे जुने ईएसआय कार्ड, कारखान्याचे सेवानिवृत्तीचे पत्र, दोघांची आधार कार्डे, शिधापत्रिका आणि प्रत्येकी दोन फोटो एका पिशवीत काढून ठेवा. जुने कार्ड सापडले नाही तरी घाबरू नका, विमा क्रमांक त्या पगाराच्या चिठ्ठ्यांवरही असेल.

आई, बोट बघून रडणार असशील तर मी येताना हातमोजा घालून येईन. आणि येईपर्यंत गोळी पूर्ण घे. संपली तर प्रकाशला दुसरे पाकीट आणायला सांग, पैसे आज संध्याकाळी पाठवतो.

तुमचा,
सुनील