बुधवारच्या रकान्यातला एक

प्रिय बंडू,

प्रभूमध्ये सलाम.

तब्येत ठीक. गुडघ्यांचं रडगाणं चालू, साखर काबूत, आई खुर्चीतून सगळ्यांवर देखरेख ठेवून आहे. एवढ्यावर भागव. आज मला तुझ्याशी जरा भांडायचंय आणि शेवटी एक परवानगी मागायची आहे.

आपल्या चर्चमधली बुधवारची गाऊन म्हणायची सायंप्रार्थना बंद करायचं घाटतंय.

लगेच 'मी म्हटलंच होतं' असं म्हणू नकोस. म्हणाला होतास, आठवतंय. रिकाम्या बाकांना गाऊन दाखवण्यात काय अर्थ, हे तुझेच शब्द. तेव्हा तू टेनरात, म्हणजे उंच आवाजाच्या पुरुष गायकांत होतास, आणि टेनरांना श्रोते लागतातच. आम्हा खालच्या पट्टीतल्या बासवाल्यांना कुणी ऐकत नाही याची सवय असते.

नवे डीन, म्हणजे आपले मुख्य पाळक, माणूस वाईट नाही. त्यांचं म्हणणं सरळ आहे. रविवारी सकाळी बाकं भरतात, मुलांच्या वर्गाला शिक्षक कमी पडतात, छप्पर गळतंय, ऑर्गनची देखभाल महाग. मग बुधवारी संध्याकाळी एवढे दिवे, एवढे गायक आणि एक ऑर्गनवादक कुणासाठी राबवायचे? खजिनदारांनी तर इतिहासच काढला. म्हणाले, इंग्लंडच्या आर्चबिशप क्रॅन्मरने १५४९ मध्ये मठांतल्या संध्याकाळच्या आणि रात्रीच्या प्रार्थना एकत्र करून ही उपासना बेतली, ती साध्या लोकांना येता यावं म्हणून. लोकच येत नसतील तर ती कुणासाठी चालवायची? सगळे गप्प. मीही गप्प. उत्तर मला घरी पोचल्यावर सुचलं. तुला माझा स्वभाव ठाऊक आहे.

उत्तर असं की इंग्लंडच्या चर्चच्या १६६२ च्या प्रार्थनापुस्तकात प्रभुभोजनाला, म्हणजे भाकर-द्राक्षारसाच्या विधीला, अट घातली आहे, पाळकाबरोबर घेणारे निदान तिघे तरी हवेत. सायंप्रार्थनेला अशी अट नाही. तिथे पाळकाला सांगितलंय ते इतकंच की वेळेआधी घंटा वाजव, म्हणजे लोकांना येता येईल, आणि प्रार्थना म्हण. आले तर आले. हे सभेत बोललो असतो तर! असो.

आता खरी गंमत ऐक. नोंदवही माझ्याकडे आहे. डीनसाहेबांनी मला बुधवारच्या उपस्थितीचे जुने-नवे आकडे काढून वार्षिक सभेत वाचायला सांगितलंय. म्हणजे फाशी द्यायची की नाही ते इतर ठरवणार, पण दोर मोजून द्यायचा मी. आणि बंडू, ते आकडे एकमेकांशी जुळतच नाहीत. कारण काका, आपले जुने व्हर्जर, म्हणजे चर्चची व्यवस्था बघणारे. आठवतं ना, काका खांबाला टेकून उभे राहायचे आणि बोट हलवत मोजायचे? ते गायकांना कधी धरायचे नाहीत. "गाणारे कसले आले, त्यांना यावंच लागतं." नवा व्हर्जर सगळ्यांना धरतो. गायक, पाळक, ऑर्गनवादक, आणि मला दाट संशय आहे की स्वतःलाही. त्यामुळे वहीत काका गेले त्या वर्षापासून बुधवारची उपस्थिती एकदम उडी मारते. नुसते आकडे वाचले तर वाटावं, मोठं आध्यात्मिक जागरण झालं!

म्हणजे गायकांना धरलं तर उपासना वाचते आणि वगळलं तर मरते. दोन्ही आकडे खरेच आहेत, आणि कुठला वाचायचा ते माझ्यावर आहे. गेले कित्येक दिवस हेच डोक्यात घोळतंय. शिरगणती केली म्हणून बायबलमधल्या दावीद राजाच्या राज्यात मरी आली आणि सत्तर हजार माणसं गेली, हे मी डीनना विनोदाने ऐकवलं. ते हसले नाहीत. म्हणाले, "तरी आकडे सोमवारपर्यंत द्या."

मी तुला पटवत बसलोय, पण बाहेरची उदाहरणंही कमी नाहीत. इंग्लंडमधल्या कॅथेड्रलांत २००० नंतरच्या दशकात रविवारची गर्दी होती तेवढीच राहिली, वाढली ती मधल्या वारांची. बीबीसी १९२६ पासून रेडिओवर सायंप्रार्थना ऐकवतंय. सुरुवात वेस्टमिन्स्टर ॲबीतून झाली. (ते कॅथेड्रल नाही, हे मला सांगू नकोस, त्यावरून आपण एकदा आठवडाभर बोलत नव्हतो.) आणि पॅरिसचं नोत्र दाम बघ. २०१९ च्या एप्रिलमध्ये जळलं. जूनमध्ये तिथे पहिली मिस्सा, म्हणजे प्रभुभोजनाची उपासना झाली तेव्हा जेमतेम तीसेक माणसं होती, बहुतेक धर्मगुरूच, आणि वेदीपाशी सगळ्यांच्या डोक्यावर हेल्मेटं. त्या दिवशी तिथल्या वहीत काय लिहिलं असेल? कमी उपस्थिती?

रविवारला मी नावं ठेवत नाही हं. रविवार मला आवडतो. गोंगाट आवडतो. फूलमंडळ आणि पितळ घासणाऱ्या बायकांचं युद्ध अजून पेटलेलं आहे. फुलांचं पाणी पितळेवर सांडतं, हा मूळ वाद, बाकी सगळं त्यावर चढलेलं. सूचना उपदेशापेक्षा लांबतात. गारठ्यात ऑर्गनचे साधे पाइप उतरतात आणि जिभेचे, म्हणजे पातळ पत्ती कंपून वाजणारे पाइप आहेत तिथेच राहतात, मग पहिल्या स्तोत्राला दोघं दोन गावांना जातात आणि आपण मधे. नंतर चहा, आणि चहाच्या रांगेत कुणाच्या मुलीचं ठरलं, कुणाचा मुलगा परदेशी गेला, कुणाच्या घरी पाळकांनी जाऊन यायला हवं. मंडळी म्हणतात ती ही. ती नसती तर बाबा गेले तेव्हा आम्ही कुठे गेलो असतो?

पण रविवारी नवीन माणूस आला की आपण काय करतो? उभं करतो. नाव विचारतो. टाळ्या वाजवतो. एकमेकांना शांती म्हणून हात मिळवायच्या वेळी चार दिशांनी चार हात त्याच्याकडे येतात, मग चहा, मग फोन नंबर. कुणाला हे अमृत वाटतं. ज्याला कुणी बघू नये असं वाटत असतं तो मात्र पुन्हा फिरकत नाही. सायंप्रार्थनेत त्याला काही करावंच लागत नाही. बोलणारे-गाणारे आम्ही. त्याने बसावं, मरियेचं गीत ऐकावं, शिमोनाचं ऐकावं, हवं तर उठून जावं. दारात कुणी अडवत नाही.

आणि आता तो बुधवार. महिन्याची पंधरा तारीख, म्हणजे तुझं लाडकं अठ्ठ्याहत्तरावं स्तोत्र. दीडशे स्तोत्रं तीस दिवसांत संपवायच्या हिशेबात या एका संध्याकाळी इस्राएलाचा अख्खा इतिहास आपल्या माथी येतो. अर्धे गायक खोकल्याने आडवे. समोरच्या बाजूला तिघं, आमच्या बाजूला चौघं. घंटा झाल्यावर एक माणूस आत आला, हातात हेल्मेट, आणि तिसऱ्या खांबामागे जाऊन बसला.

तिसऱ्या खांबामागे, बंडू. तिथेच.

आम्ही मन्ना आणि लावे पक्षी गातोय आणि माझं लक्ष त्या खांबाकडे. आमच्याबरोबर तो उठला-बसला नाही, वाकला नाही. पुस्तकही उघडलं नाही. श्रद्धांगीकार, म्हणजे आपला विश्वास सगळ्यांनी बोलून दाखवायचा भाग, सुरू होताच निघून गेला. व्हर्जरने मला विचारलं, "याला धरायचं का? पूर्ण नव्हता."

घरी येऊन मी जुनी वही काढली. ते वर्ष काढलं. तू गायकवृंद सोडलास, देवाशी बोलणं बंद म्हणून मला सुनावलंस, आणि दर बुधवारी तिथे येऊन बसायचास. मी समोरून बघायचो आणि पुस्तकात डोकं घालायचो. आपण यावर कधी बोललो नाही. काकांच्या अक्षरात पानामागून पान एकच नोंद आहे, 'एकूण उपस्थिती १'. गायकांना ते धरायचे नाहीत, म्हणजे तो एक तू. तूही श्रद्धांगीकाराआधीच उठायचास. काकांनी 'पूर्ण नव्हता' असं कधी लिहिलं नाही.

त्या वर्षी कुणी आकडे मागितले असते तर ही उपासना तेव्हाच संपली असती.

म्हणून हे पत्र. मला सभेत दोन्ही आकडे वाचायचे आहेत, काकांच्या रीतीने आणि व्हर्जरच्या रीतीने. त्यानंतर ते पान वाचायचंय आणि तो एक कोण होता एवढं सांगायचंय. नाव घेणार नाही. पण फूलमंडळ पाच मिनिटांत ओळखेल, हे तुलाही कळतं आणि मलाही. त्यामुळे तू हो म्हटल्याशिवाय तोंड उघडणार नाही. नको म्हणालास तर नुसते आकडे वाचीन आणि खाली बसेन. त्यावरून तुझ्यावर राग धरणार नाही. थोडा धरीन.

तुझं काय? बदलीचं झालं का? धाकटीची परीक्षा झाली असेल, तिला शाबासकी सांग, निकाल काहीही लागो. वहिनींच्या पाठीचं कळव. घराचं रंगकाम संपलं की नाही, की अजून तू शिडीवर उभा राहून रंगाऱ्याला शिकवतोयस?

सभा या महिन्याच्या शेवटच्या रविवारी, चहानंतर. त्याआधी उत्तर हवं. फोन करू नकोस, फोनवर तू विषय बदलतोस. लिही.

तुझा,
बास

ता. क. स्तोत्र गाताना ओळीच्या मध्यावर किती थांबायचं, यावर हल्ली आमचं एकमत आहे. तू सांगायचास तेवढंच थांबतो. तू आलास की पुन्हा वाद घालू.