पोचलीस की नुसता अंगठा पाठव

चि. सई,
अनेक आशीर्वाद.

फोनवर आपण दोघी फिरून फिरून त्याच रात्रीवर येतो, म्हणून कागद घेतला. मोबाइलवर लिहायला बसले होते, पण मी टाइप करतेय हे तुला तिकडे दिसतं आणि मधेच "काय गं?" येतं. मग सुचत नाही.

पहिलं म्हणजे, बाबांवर रागवू नको. त्यांना मीच पाठवलं. साडेदहाला तू "एक चक्कर मारून येते" म्हणालीस, फाटक वाजलं आणि माझे हात खरकट्या भांड्यांत होते तसेच राहिले. "जा ना हो जरा मागे, तिला कळू देऊ नका," म्हटलं. त्यांना कुठलं जमायला! घरातल्या चपला, लेंगा, आणि बंद मेडिकलच्या शटरसमोर उभे. तू वळून पाहिलंस तर म्हणे, "गोळ्या संपल्यात गं." मला नंतर फार हसू आलं. तुला नाही आलं. दुपारी जायची तू सकाळीच बॅग उचललीस आणि दारात म्हणालीस, "डब्याबरोबर दर वेळी भीतीपण बांधून देतेस."

खरं आहे. पण तुला सगळं सांगितलेलं नाही.

तळमजल्यावरच्या काकूंचं मंगळसूत्र गेलं, एवढंच तुला माहीत आहे. मी त्यांच्याबरोबर होते. गेली नऊ वर्षं आम्ही दोघी सकाळी सहाला डहाणूकर कॉलनीच्या बाजूने फिरायला जायचो. एक मोटारसायकल हळू झाली. मागच्या पोराच्या हातात चिठ्ठी होती, पत्ता विचारत होता. काकू वाचायला पुढे वाकल्या, कारण चष्मा घरी. मी नीट बघत होते गं, तरी मला काही दिसलं नाही. झटका दिसला आणि गाडी वळताना दिसली. काकूंनी साखळी ब्लाउजला सेफ्टी पिनेने अडकवली होती, ती पीन कापड घेऊन गेली. गळ्यावर लाल वळ उठला. त्या ओरडल्या नाहीत. खाली बसल्या आणि रस्त्यावरचे काळे मणी वेचायला लागल्या, एकेक. एक वाटी गटाराच्या जाळीपाशी सापडली, दुसरी नाही. मीही बसून वेचले. कनवटीला लावून घरी आणले, अजून वाटीत आहेत त्यांच्या देवघरात.

बाबा त्यांच्याबरोबर तक्रार द्यायला गेले. २०२४ च्या जुलैपासून नव्या न्याय संहितेत असं हिसकावणं हा वेगळा गुन्हा केलाय, कलम ३०४, तीन वर्षांपर्यंत शिक्षा, हे त्यांनी मला दोनदा वाचून दाखवलं. धीर द्यायला असावं. मी विचारलं, मग उद्या फिरायला जाऊ का? त्यावर पेपर मिटून ठेवला.

तुला वाटतं आई ग्रुपवरचे व्हिडिओ बघून घाबरते. तेही खोटं नाही. कोयता गँगचं चाललं होतं तेव्हा बातम्या हडपसर-मांजरीच्या आणि दाराला जास्तीची कडी आम्ही कोथरूडात लावली. पण २०२५ च्या फेब्रुवारीत स्वारगेटच्या आगारात उभ्या बसमध्ये एका पोरीवर जो अत्याचार झाला, ते काही फॉरवर्ड नव्हतं. ती पोर गावी जायला बस शोधत होती. पहाटे. तिथून पहाटेची बस तूही किती वेळा धरली आहेस. म्हणून सांगते, रस्त्याने जाताना कानात ते बोंडूक घालू नको, कोणी पत्ता विचारला तर थांबू नको, रिक्षात बसताना नंबरचा फोटो काढ, पोलिसांचा ११२ नंबर फोनमध्ये वरच ठेव, आणि ऐरोली स्टेशनच्या त्या जिन्याखालून

झालं सुरू. माफ कर. हे लिहायचंच नाही असं ठरवून बसले होते.

वेगळंच सांगायचं होतं. १९७६ साली मी सहावीत होते. आमचा वाडा भिकारदास मारुतीजवळ, आणि पेरूगेटापाशी एका बाईंकडे मी पेटी शिकायला जायचे. दिवाळी होऊन आठवडा झाला असेल, विजयानगर कॉलनीत जोशींच्या घरी ते खून झाले. डिसेंबर लागला आणि भांडारकर रस्त्यावर अभ्यंकरांचं अख्खं घर. पुण्याला संध्याकाळच उरली नाही. दिवेलागणीला दारं बंद, दुकानं लवकर बंद, वाड्याचा दिंडीदरवाजा सातला आतून लावायचे. आता विचार करते तर नवल वाटतं. माणसं मारली घरात शिरून आणि ओस पाडले आम्ही रस्ते!

अप्पा आठवडाभर मला क्लासला न्यायला आले. चौकात हातात बॅटरी घेऊन उभे असायचे, माझ्याशी बोलायचे नाहीत, मागेपुढे बघत चालायचे. एक दिवस म्हणाले, "राहू दे आता. दिवस निवळले की बघू." मार्चअखेर चौघं पकडले गेले. कॉलेजात शिकणारी पोरं निघाली, चारचौघांसारखी हिंडणारी. दिवस निवळले. पेटीचं कोणाला आठवलं नाही, मलाही नाही. भूपाचं तीन ओळींचं एक गाणं बसलं होतं तेवढं अजून बोटांत आहे. अप्पांना मी कधी बोलले नाही. काय बोलणार, ते घाबरले होते.

आणि आता मी अप्पांचंच करतेय, फक्त बॅटरी बाबांच्या हातात दिली.

तू रात्री अकराच्या लोकलने येतेस, बायकांच्या डब्यात पोलीस असतो म्हणतेस, उतरून एकटी चालत खोलीवर जातेस. मी हे बायकांना मिरवून सांगते, तुला माहीत नाही. "आमची सई कोणाला भीत नाही." सांगते आणि घरी येऊन साडेअकरापर्यंत जागी राहते. दोन्ही मीच, त्याला काय करू?

काकू आता खोटं घालतात, लांब पदर घेऊन. मी गच्चीवर चालते. चाळीस फेऱ्या. टाकीला वळसा, वाळत घातलेल्या पापडांना वळसा. पारिजातक दिसतो पण खाली सडा पडलेला दिसत नाही. कोपऱ्यावरच्या दूधवाल्याने परवा बाबांना विचारलं म्हणे, "वहिनी आजारी आहेत का?"

तू दिलेले बूट मी घातले नाहीत म्हणून तू चिडली होतीस. गच्चीवर कशाला बूट, म्हणून ते खोक्यातच होते. पुढच्या खेपेला जेवण झाल्यावर चक्कर मारायला जाशील तेव्हा मला हाक मार. कर्वे पुतळ्यापर्यंत जाऊ. गुडघ्यामुळे सावकाश चालावं लागेल, तेवढं सांभाळून घे. बूट काल काढून घातले घरातल्या घरात. डावा जरा चावतो.

आई

ता. क. रात्री खोलीवर पोचलीस की नुसता अंगठा पाठव. शब्द नको. मी विचारणार नाही.