सही करू नकोस, आधी फोन कर

प्रिय मनू,

परवा फोन ठेवता ठेवता तू म्हणालीस ना, "आई, इथे अमेरिकेत कॉलेजकडून खेळणाऱ्या सगळ्यांना जाहिरातींचे पैसे मिळतायत, टेनिस खेळणाऱ्या फक्त मलाच नाही", ते काही डोक्यातून जाईना म्हणून लिहायला बसलीये. व्हॉट्सअ‍ॅपवर दोन ओळींच्या पुढे तू वाचत नाहीस हे माहितीये, पण हे पूर्ण वाच. बाबा मला विचारतायत की वकिलीच्या परीक्षेला बसतेयस का, कारण पंधरा दिवस रोज जेवणं झाली की मी हेच वाचत असते.

आधी मुद्द्याचं. त्या स्मूदीवाल्याचा जो कागद तुझ्याकडे आलाय, दोन रील टाकायच्या आणि 300 डॉलर घ्यायचे, त्यावर सही करू नकोस. तुझी डबल्सची पार्टनर अमेरिकेचीच आहे, ती करू शकते, तू एफ-1 म्हणजे विद्यार्थ्यांच्या व्हिसावर आहेस. तुला टर्म चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला 20 तास काम चालतं, बाहेर असंच काम करून पैसे घेतले तर व्हिसाच धोक्यात येतो, आणि रील करणं हे काम नाही असं तुझं म्हणणं असेल पण ते इमिग्रेशनच्या माणसाला पटायला हवं ना, मला पटून काय उपयोग. पर्ड्यूचा झॅक एडी आठवतोय का, सात फूट चार इंचाचा, कॅनडाचा, 2023 आणि 2024 अशी लागोपाठ दोन वर्षं अमेरिकेतला सर्वोत्तम कॉलेज बास्केटबॉलपटू ठरला, त्यालाही याच व्हिसामुळे हात आखडता घ्यावा लागला. केंटकीच्या ऑस्कर शिब्वेने, तो काँगोचा, काय केलं माहितीये? 2022 च्या ऑगस्टमधे टीम बहामाजला मॅच खेळायला गेली तेव्हा त्याने जाहिरातींचं शूटिंग तिथे उरकलं, म्हणजे अमेरिकेच्या मातीवर काम केलंच नाही! मला हे वाचून इतकं हसू आलं, आपल्याकडचा कुठलाही सीए असाच सल्ला देईल.

म्हणून माझं म्हणणं आहे की मे महिन्यात घरी आलीस की बघू. इथे लक्ष्मी रोडचे ते काका कधीचे मागे लागलेत की दुकानात लावायला मनूचा रॅकेट घेतलेला फोटो द्या. ते काम इथलं, पैसे इथले. तरी तुझ्या इंटरनॅशनल ऑफिसला आधी ईमेल करून लेखी उत्तर घे, तोंडी नको, कोच "डोन्ट वरी" म्हणाला ते तर अजिबात नको. आणि 600 डॉलरच्या वरचं काही असेल तर ते आता एनआयएल गो नावाच्या, कॉलेज खेळाडूंचे असे करार तपासणाऱ्या वेबसाइटवर नोंदवावं लागतं, तेही विचार.

पैसे सगळ्यांना मिळतायत हेही तितकंसं खरं नाही गं. जुलै 2021 पर्यंत तर स्वतःच्या नावावर किंवा फोटोवर कमवायला खेळाडूंना बंदीच होती, कॉलेजं मात्र टीव्हीच्या पैशावर स्टेडियमं बांधत होती, तो अन्याय होता यात वादच नाही, आणि कोर्टात भांडणाऱ्या पोरांचं मला कौतुकच आहे. मग जून 2025 मधे खेळाडूंनी लावलेल्या हाउस नावाच्या खटल्याची तडजोड मंजूर झाली, जुन्या खेळाडूंना मिळून सुमारे 280 कोटी डॉलर, आणि आता कॉलेज स्वतः खेळाडूंना पैसे वाटू शकतं, 2025-26 साठी ही मर्यादा 2 कोटी 5 लाख डॉलर होती. पण त्यातला बहुतेक वाटा त्यांच्या अमेरिकन फुटबॉलला, मग मुलांच्या बास्केटबॉलला, टेनिसच्या ताटात काय पडणार, चटणीसुद्धा नाही. उलट खर्च वाढला म्हणून छोटे खेळ बंद व्हायला लागलेत, टेक्सासमधल्या यूटेप या कॉलेजने तर मुलींचं टेनिसच काढून टाकलं.

मला खरी काळजी त्याची आहे. पूर्वी डिव्हिजन वनला, म्हणजे कॉलेज खेळांच्या सगळ्यात वरच्या गटात, मुलींच्या टेनिसमधे 8 पूर्ण स्कॉलरशिप द्यायला परवानगी होती, तडजोडीत सामील झालेल्या कॉलेजांत आता तो आकडा गेला आणि त्याऐवजी टीममधे जास्तीत जास्त 10 जणी असा नियम आला, दहाही जणींना देता येते पण द्यायलाच हवी असं कुठेय? त्यामुळे पुढच्या वर्षाचं स्कॉलरशिपचं पत्र आलं की पूर्ण आहे की अर्धी ते नीट बघ आणि मला फोटो पाठव.

ट्रान्सफर पोर्टलचं, म्हणजे कॉलेज बदलायला नाव नोंदवायच्या त्या यादीचं, भूत पण जरा उतरव. 2024 पासून मार्क ठीक असतील तर कितीही वेळा कॉलेज बदलता येतं, मान्य, पण तुझे क्रेडिट तिकडे धरतील का हे कोण बघणार, आणि पोर्टलमधे नाव टाकलं की जुनं कॉलेज तुझी स्कॉलरशिप पुढे चालू ठेवायला बांधील राहत नाही. पाच वर्षांत चारच सीझन खेळायचं हा नियमही हलतोय, व्हँडरबिल्टच्या फुटबॉलपटू दिएगो पावियाने ज्युनिअर कॉलेजची (तिकडची दोन वर्षांची कॉलेजं, आपली अकरावी-बारावी नव्हे) वर्षं धरू नका म्हणून कोर्टातून 2024 च्या डिसेंबरमधे आदेश मिळवला, तेव्हापासून जो तो एक वर्ष वाढवून मागतोय. त्यात कोविडचं जादा वर्ष मिळालेल्यांची भर, म्हणूनच पहिल्याच मॅचला तुझ्यासमोर चोवीस वर्षांची मुलगी उभी होती आणि तू रडत फोन केला होतास.

आपला टेनिसपटू सोमदेव देववर्मन व्हर्जिनियाच्या कॉलेजात होता तेव्हा यातलं काहीच नव्हतं, 2007 आणि 2008 दोन्ही वर्षं कॉलेज टेनिसमधलं सिंगल्सचं टायटल घेतलं त्याने, जाहिरातीचा एक पैसा न घेता. हे तुला टोमणा म्हणून सांगत नाहीये हं, तेव्हाही त्याला मिळायला हवे होते.

हो, आणि एक विचारून ठेव. अभ्यासासाठी वर्षाला 5,980 डॉलरपर्यंत बक्षीस देता येतं, तिथल्या सुप्रीम कोर्टाच्या 2021 च्या अल्स्टन निकालापासून. तुमचं कॉलेज देतं का, आणि तुझ्यासारख्या बाहेरून आलेल्या मुलींना देतं का? तुझे मार्क तर चांगलेच आहेत, आजीकडेच गेलेत.

भाजणी आणि मेतकूट शेजारच्या काकूंच्या मुलाबरोबर पाठवलंय, तो शनिवारी पोचेल. मनगटाला बर्फ लावतेयस ना? रविवारी तुझ्या सकाळी फोन कर, आणि तो कागद समोर घेऊन बस.

तुझी,
आई