घराच्या किमतीत शाळाही धरलेली असते

संपादक महोदय,

आम्ही सध्या घर शोधतो आहोत. मागच्या रविवारी पाहिलेल्या घराच्या भिंतींना ओल होती, स्वयंपाकघरात दोन माणसं मावत नव्हती. तरी मालक एक पैसा सोडायला तयार नव्हते. त्यांनी मागची खिडकी उघडून सरकारी शाळेचं पटांगण दाखवलं. "हा पत्ता असला की तिथला प्रवेश पक्का." रस्त्यापलीकडचं तेवढंच, भरपूर उजेडाचं घर मात्र बरंच स्वस्त. शाळेची हद्द त्या रस्त्यावरच संपते!

असं सगळीकडेच घडतं. सँड्रा ब्लॅक या अर्थतज्ज्ञ बाईंनी बॉस्टनच्या उपनगरांत हद्दीच्या अलीकडची आणि पलीकडची घरं ताडून पाहिली. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात दिसलं, की प्राथमिक शाळेचे परीक्षेतले गुण ५ टक्क्यांनी जास्त असतील, तर पालक घरासाठी सुमारे २.५ टक्के जास्त मोजतात. बीजिंगमध्ये तर नावाजलेल्या शाळेच्या हद्दीतल्या जुनाट, खुराड्यासारख्या खोल्या निव्वळ पत्त्यासाठी घेतल्या जातात. तिथल्या शिचेंग भागात जुलै २०२० नंतर घेतलेल्या घरांना ठरावीक एकाच शाळेची हमी मिळणं बंद झालं.

हे वाचल्यापासून मला राहवत नाही. सरकारी शाळा सगळ्यांच्या करातून चालते, तिथे फी नाही असं आपण म्हणतो, आणि तीच फी घराच्या हप्त्यांतून वसूल होते. ज्यांना ती झेपत नाही, त्यांची मुलं रस्त्यापलीकडे राहतात. बरं, गुणांच्या तक्त्यात शिकवण्याइतकाच मुलांच्या घरच्या परिस्थितीचाही वाटा असतो, आणि हद्द तर उद्या बदलूही शकते. तक्ता पाहून घर घेणाऱ्यांनी एकदा शाळा सुटताना फाटकाशी उभं राहावं.

मी पलीकडच्या शाळेपाशी उभी राहिले. एक शिक्षिका शेवटचं मूल घरी जाईपर्यंत पायरीवर बसून त्याचं वाचन घेत होत्या. तिथे दोन वर्गांना मिळून एकच शिक्षक असल्याचं त्यांच्याकडूनच कळलं. हद्दी आखणाऱ्यांनी आधी ती रिकामी जागा भरावी. आम्ही पलीकडचंच घर घेतो आहोत, आणि या मागणीचा अर्ज शिक्षण विभागाकडे दिला आहे.

आपली,
एक वाचक